कपाळावरचा गोंद

कसाऱ्याची लोकल ठाणं सोडते न सोडते तोच बायकांच्या डब्यात टिकलीवालीचा आवाज येतो. एका हातात कानातल्यांची कार्डं अडकवलेली तारेची चौकट, दुसऱ्या हातात टिकल्यांच्या पाकिटांची जुडी आणि गर्दीतून वाट काढायला कोपर. "मरून बारीक आहे का गं?" दारापाशी उभी असलेली एक जण विचारते. "मरून संपली ताई, चॉकलेटी घ्या, उठून दिसेल." पाकीट चार हातांतून फिरत खिडकीपर्यंत जातं, उघडून पाहिलं जातं आणि पैसे त्याच वाटेनं परत येतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४४ नुसार अशी विनापरवाना विक्री हा गुन्हा आहे. त्यामुळे फलाटावर खाकी गणवेश दिसला की चौकट ओढणीखाली जाते आणि गाडी हलली की बाहेर येते. दिवा गेलं, डोंबिवली गेलं, कल्याण आलं. तोवर डब्यातल्या निम्म्या पर्समध्ये एकेक पाकीट गेलेलं असतं.

वस्तू म्हणाल तर काही मिलिमीटरांची. वर मखमल किंवा चकचकीत प्लॅस्टिक, खाली गोंदाचा पातळ थर आणि तो सुकू नये म्हणून मेणचट कागद. पण मराठी बाईच्या कपाळाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास लिहायला बसलं, तर सुधारकांच्या व्याख्यानांशेजारी या गोंदालाही जागा द्यावी लागते. कुंकू कुणी लावायचं, किती मोठं लावायचं, कधी पुसायचं हे एके काळी घरातली वडीलधारी मंडळी आणि गाव ठरवायचं. तो अधिकार सैल करण्यात या चिकट तुकड्याचा वाटा मोठा आहे आणि त्याबद्दल त्याचा सत्कार कुणीही केलेला नाही.

सगळ्यात जुनी खूण पुसताच येत नव्हती. मुरबाड-शहापूरकडच्या ठाकर आणि कातकरी बायका, खाडीकाठच्या आगरी-कोळी म्हाताऱ्या यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर हिरवट निळं गोंदण आजही दिसतं. जत्रेत, आठवडी बाजारात गोंदणाऱ्या बायका बसायच्या. काजळीत बुडवलेल्या सुयांनी त्या पोरीचं कपाळ टोचायच्या आणि पोर रडू लागली की दोघीतिघी तिला धरून ठेवायच्या. दागिने इथेच राहतात, मेल्यावर सोबत येतं ते गोंदणच, अशी त्यामागची समजूत. सोनं परवडत नव्हतं त्या घरांत ही समजूत अधिक घट्ट होती, हे सांगायला नकोच.

कुंकवाची तऱ्हा वेगळी. ते रोज लावावं लागायचं आणि त्याला सरंजाम लागायचा: फणी, आरसा, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. आंघोळ झाली की अनामिकेनं मेणाचा छोटा गोल कपाळावर टेकवायचा, त्यावर पिंजर दाबायची आणि पदराच्या टोकानं कडा साफ करायची. मेण नसेल तर कुंकू धरत नाही, सांडतं. म्हणजे गोंदाची गरज तेव्हाही होतीच, फक्त तो मधमाश्यांकडून यायचा. आकारावरून बाईचं घर, जात, प्रांत ओळखता यायचा. कुणाची आडवी चिरी, कुणाचा रुपयाएवढा टिळा, कुणाची काडीनं कोरलेली चंद्रकोर. कोकणच्या दमट हवेत हे सगळं दुपारपर्यंत टिकलं तर नशीब. चुलीपुढे बसलेल्या बाईचं कुंकू घामाबरोबर नाकापर्यंत उतरायचं.

हे कुंकू येतं कुठून, हा प्रश्न कल्याणच्या गिऱ्हाइकाला सहसा पडत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात केम नावाचं गाव आहे, दौंड-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशन. कुंकवाचं गाव म्हणून त्याची ओळख आहे. त्याच जिल्ह्यात पंढरपूर. तिथल्या प्रदक्षिणा मार्गावर कुंकू, बुक्का आणि अष्टगंधाचे ढीग रचलेले असतात आणि वारीहून परतणाऱ्या प्रत्येक पिशवीत त्यातलं थोडं असतंच. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीचंच. हळकुंडाचे तुकडे लिंबाच्या रसात भिजवायचे, त्यात टाकणखार आणि तुरटी घालायची, सावलीत वाळवायचे आणि कुटून वस्त्रगाळ करायचे. पिवळ्याचा लाल होतो तो टाकणखारामुळे. हळदीतलं कुर्कुमिन आम्लात टाकणखाराच्या बोरॉनशी जोडलं जातं आणि भडक लाल संयुग तयार होतं. प्रयोगशाळेत बोरॉन ओळखायला हीच परीक्षा वापरतात. चुन्याची निवळी घातली तरी हळद लालसर होते, पण तो रंग टिकाऊ नसतो. हळदीचा डाग साबणानं लाल होतो आणि धुतला की पुन्हा पिवळा होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. पुढे रासायनिक रंग स्वस्त झाले. मग पिठूळ भुकटीला रंग देऊन केलेलं कुंकू बाजारात आलं आणि हळदीचं कुंकू देवघरापुरतं उरलं.

या लाल ठिपक्याला दुसरी बाजू होती. नवरा गेला की तो पुसला जायचा, आणि तो पुसणारे हात दुसऱ्यांचे असायचे. ब्राह्मणादी जातींत केशवपनही व्हायचं. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं जाहीर केलं. त्यांना एकत्र आणणारे होते नारायण मेघाजी लोखंडे. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. ज्यांचं कपाळ समाजानं कायमचं मोकळं केलं होतं, त्या मुलींची ती शाळा. पुढे १९३७ साली प्रभातनं व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर चित्रपट काढला. नाव ठेवलं 'कुंकू'. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या नीराचं काम शांता आपट्यांनी केलं. ते पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला नावाचा अर्थ समजावून द्यावा लागला नाही.

ज्या १८९६ साली कर्व्यांचा आश्रम उघडला, त्याच साली जपानमध्ये मिकामो नावाच्या डॉक्टरांनी पापणीला टाके घालून घडी पाडण्याच्या शस्त्रक्रियेवर निबंध छापला. जगाच्या दोन टोकांना बाईच्या चेहऱ्यावर काय असावं, काय नसावं याचा खल एकाच वर्षी चालू होता. योगायोगच, पण या दोन देशांतल्या दोन बायका त्याआधीच एकमेकींशेजारी बसल्या होत्या. १० ऑक्टोबर १८८५ ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये काढलेलं छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात डावीकडे साडी नेसलेल्या, अंगावर दागिने घातलेल्या आनंदीबाई जोशी, कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना. मध्ये जपानच्या किमोनोतल्या केइको ओकामी. शेजारी सीरियाच्या साबात इस्लाम्बूली. तिघींनी आपापल्या देशाचा पोशाख हट्टानं ठेवलेला. अमेरिकेला निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात, फेब्रुवारी १८८३ मध्ये, आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार, असं आनंदीबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. त्या परतल्याही, पण क्षयानं पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसावं वर्ष पुरं होण्याआधी, त्या गेल्या.

ओकामींच्या देशातल्या जुन्या चित्रांत सुंदर बाईचे डोळे बारीक, एकसलग पापणीचे रंगवलेले असत. पुढच्या शतकात घडी असलेली पापणी मोठ्या, टपोऱ्या डोळ्यांची खूण म्हणून मिरवू लागली. ज्यांना शस्त्रक्रिया नको किंवा परवडत नाही, त्यांच्यासाठी गोंद आणि चिकटपट्टी आली. नखाच्या कोरीएवढी पारदर्शक पट्टी पापणीवर ठेवायची, दुबेळक्याच्या आकाराच्या छोट्या काडीनं दाबायची, डोळा उघडला की त्या रेषेवर घडी पडते. रात्री तोंड धुतलं की घडी गेली. जपान, कोरिया, चीनमध्ये शाळकरी मुलींच्या कंपासपेटीपर्यंत ही पट्टी पोहोचली आहे आणि कोरियन मालिकांच्या लाटेवर ती आता आपल्याकडच्या मोबाइलवरही विकायला आली आहे.

टिकली आणि पापणीची पट्टी, दोन्ही सकाळी चिकटवायच्या आणि रात्री काढायच्या. दोन्हींचा गोंद एकाच कुळातला. पण स्वभाव उलटे. पट्टीचं सगळं यश न दिसण्यात आहे. ती कुणाच्या लक्षात आली की फसली. टिकली चिकटवायची तीच मुळी दिसावी म्हणून. जपानी मुलीला निसर्गानं दिलेलं वाटावं असं काहीतरी हवं असतं. मराठी मुलीला टिकली निसर्गाची वाटावी अशी अपेक्षा कधीच नसते. ती आपण लावली आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच ती काढली की प्रश्न विचारले जातात.

हा गोंद आला अमेरिकेतून. मिनेसोटातल्या थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ साली मोटारींना दोन रंग देणाऱ्यांसाठी मास्किंग टेप काढली आणि १९३० मध्ये सेलोफेनची पारदर्शक पट्टी. या गोंदाचं वैशिष्ट्य असं, की त्याला पाणी नको, ऊब नको, सुकायला वेळ नको. दाबलं की चिकटतो, ओढलं की निघतो. जखमेवरच्या पट्ट्यांना असा गोंद आधीपासूनच होता. पुढे तो पाकिटांना लागला, आणि फिरत फिरत बाईच्या कपाळावर आला.

मधल्या काळात एक पायरी होती, ती आज विसरली गेली आहे. गंधाची बाटली. नेलपॉलिशएवढी काचेची कुपी, झाकणाला आतून बसवलेली बारीक काडी. त्या काडीनं कपाळावर ठिपका, ठिपक्याखाली थेंब, दोन बाजूंना नाजूक पानं, अशी नक्षी काढता यायची. साठ-सत्तरच्या दशकांतल्या लग्नाच्या फोटोंत ती हमखास सापडते. हात स्थिर हवा आणि वाळेपर्यंत दम हवा. सकाळी ७:०० ची गाडी पकडणाऱ्या बाईकडे दोन्ही नव्हतं.

त्या बाईशिवाय टिकलीची गोष्ट पुरी होत नाही. बोरीबंदर ते ठाणं ही गाडी १८५३ साली सुरू झाली आणि १८५४ च्या मे महिन्यात रूळ कल्याणपर्यंत आले. शंभर वर्षं त्या गाडीनं मुख्यत्वे पुरुषांना कचेरीत नेलं. साठच्या दशकापासून टेलिफोन एक्स्चेंज, बँका, विमा कंपन्या, शाळा, मंत्रालय इथे मराठी मुली भरती होऊ लागल्या. मुंबईत घर परवडेना, म्हणून बिऱ्हाड डोंबिवलीला आणि कल्याणला आलं. १९९२ साली मध्य रेल्वेनं मुंबई ते कल्याण अशी खास महिलांची लोकल सोडली, इतकी ही संख्या वाढली होती. दोन माणसांच्या जागेत चौघी उभ्या, वर पंखा चालेल तर चालेल. मेणावरचं कुंकू विक्रोळीपर्यंत पुसलं जायचं आणि समोरच्या बाईच्या पांढऱ्या ब्लाउजला लागायचं. तिथे मखमली टिकली दिवसभर जागची हलत नव्हती. आणि हललीच, तर पर्समध्ये पाकीट होतं. हा झाला सोयीचा भाग.

खरा फरक निघून येण्यात होता. कुंकू पुसलं की डाग राहतो, आणि 'पुसणं' या क्रियेला अमंगळाचा वास आहे. टिकली नुसती काढून ठेवता येते. डोंबिवलीच्या चाळीतल्या कपाटाच्या आरशावर, बेसिनवरच्या आरशावर वेगवेगळ्या रंगांच्या टिकल्या ओळीनं चिकटलेल्या असायच्या. काल निळी लावलेली, आज हिरवी, उद्या साडी कुठली त्यावर ठरेल. लाल सोडून दुसरे रंग कपाळावर सर्रास आले ते टिकलीबरोबर. सौभाग्याच्या खुणेला साडीशी जुळवून घ्यावं लागलं. सासूबाईंना पटलं नसेल, पण निळ्या टिकलीवर हरकत घ्यायला शास्त्रातलं वचन त्यांना सापडेना. टिकली तर आहे ना कपाळावर! पुढे कुमारिका, विधवा, घटस्फोटित, सगळ्या एकाच पाकिटातल्या टिकल्या लावू लागल्या आणि कपाळाकडे बघून बाईची कुंडली मांडायची सोय संपत गेली. नवरा गेलेल्या कित्येक बायकांनी कुंकवाचा करंडा देवघरात ठेवून दिला आणि बारीक काळी किंवा मरून टिकली मात्र लावत राहिल्या. कुणी विचारलंच, तर "कपाळ मोकळं बरं दिसत नाही" एवढं उत्तर पुरे व्हायचं. ही बंडखोरी भाषणांपेक्षा फार स्वस्तात झाली.

फुकट मात्र झाली नाही. ऐंशीच्या दशकात त्वचारोगतज्ज्ञांकडे कपाळाच्या मधोमध पांढरा गोल घेऊन बायका येऊ लागल्या. डाग बरोबर टिकलीएवढा, टिकलीच्याच आकाराचा. कोडाच्या शंकेनं घर हादरायचं, आणि मुलगी लग्नाची असेल तर विचारायलाच नको. पंधी आणि कुमार या डॉक्टरांनी १९८५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दोन वस्तू शेजारी ठेवल्या होत्या: टिकली आणि पायताण. कुणाच्या कपाळावर पांढरा ठिपका, कुणाच्या पावलावर पट्ट्यांच्या आकाराचा पांढरा वण.  १९९० मध्ये अलाहाबादच्या ए. के. बजाज आणि सहकाऱ्यांनी टिकलीच्या गोंदात मोकळं राहिलेलं पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल हे रसायन याला कारणीभूत असल्याचं दाखवलं. चपला चिकटवायच्या गोंदात वापरल्या जाणाऱ्या राळेतही हेच रसायन असतं. त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींना ते मारतं. खाज, लाली, पुरळ हा वेगळा त्रास. तो कुंकवातल्या रासायनिक रंगांनीही होतो. म्हणजे कृत्रिम कुंकू सोडून टिकली धरावी तर गोंद, आणि टिकली सोडून कुंकू धरावं तर रंग.

टिकलीवरचं द्रव्य त्वचेतून आत जातं, याच गुणाचा उपयोग करून घ्यायची एक कल्पनाही महाराष्ट्रातच राबवली गेली. २०१५ साली नाशिकच्या नीलवसंत मेडिकल फाउंडेशन अँड रिसर्च सेंटरनं ग्रे या जाहिरात कंपनीच्या सिंगापूर शाखेबरोबर 'जीवन बिंदी' आणली. टिकलीच्या मागे आयोडीनचा लेप, दिवसभर लावली की अंगात थोडं थोडं आयोडीन जाणार. ग्रामीण बायकांमधल्या आयोडीनच्या कमतरतेवर हा उपाय. जगभरच्या वृत्तपत्रांनी डोक्यावर घेतला. कल्पना म्हणून सुरेख, यात वाद नाही. पण आयोडीनयुक्त मीठ किराणा दुकानात मिळत असताना कपाळामार्गे ते पोचवण्याचा द्राविडी प्राणायाम औषधापेक्षा जाहिरातीच्या अंगानं अधिक जातो.

मधल्या काळात टिकलीचे आकारही वाढत गेले. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'कसौटी जिंदगी की' मालिकेतल्या कोमोलिकेच्या कपाळावर रोज नवं वेटोळं दिसायचं आणि काही दिवसांत ते कल्याण स्टेशनबाहेरच्या पथाऱ्यांवर यायचं. मालिका विस्मरणात गेली तरी विक्रेते आजही 'कोमोलिका' म्हणून तो नाग काढून दाखवतात. उलट दिशेचा प्रवास डोंबिवलीनं घडवला. १९९९ च्या गुढीपाडव्याला तिथल्या श्रीगणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकारानं नववर्ष स्वागतयात्रा निघाली. पुढे ठाणं, गिरगाव करत ती प्रथा महाराष्ट्रभर गेली. नऊवारी, नथ, फेटा आणि बुलेटवर बसलेल्या मुली हे तिचं ठरलेलं चित्र. त्या चित्राला चंद्रकोर हवी. ज्या मुलींच्या आयांनी चंद्रकोर कधी कोरली नव्हती, त्या मुलींसाठी ती छापील, चिकट, खाली मोती लटकावलेली अशी पाकिटात आली. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात डोंबिवलीच्या फडके रोडवर आणि कल्याणच्या स्कायवॉकवर तिचे ढीग लागतात. परंपरा जपायचा दिवस आणि ती जपायला थ्री-एमच्या कुळातला गोंद. यात हसण्यासारखं काही नाही. आजीचं मेणही बाजारातूनच यायचं.

संक्रांत ते रथसप्तमी चालणाऱ्या हळदीकुंकवालाही टिकलीनं गाठलं. वाण म्हणून टिकल्यांचं पाकीट लुटणं ही आता अगदी नेहमीची गोष्ट. स्वस्त, हलकं, कुणाला नको होत नाही. बोटानं कुंकू लावायला गेलं तर अनेकजणी कपाळावरची टिकली वाचवत "जरा वर लावा हं" म्हणतात, आणि एकाच कपाळावर दोन्ही बसतात.

ही पाकिटं भरतं कोण? छापखान्यातून पुठ्ठ्याची कार्डं येतात, साच्यातून कापलेल्या टिकल्या पोत्यानं येतात आणि एकेक उचलून कार्डावर ओळीनं चिकटवायचं काम मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांमध्ये घरोघरी जातं. दुपारी भांडी आवरली की बाई आणि तिच्या पोरी जमिनीवर बसतात. मोजणी डझनावर, ग्रोसवर. मालक कोण ते तिला ठाऊक नसतं. माल आणून देणारा आणि घेऊन जाणारा मध्यस्थ तेवढा ओळखीचा. कार्ड वाकडं लागलं की पैसे कापले. अशा घरबसल्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली करार क्रमांक १७७ केला. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

देशाबाहेर गेलं की हा ठिपका दुरूनही ओळखू येतो. आनंदीबाईंचा अमेरिकेतला पहिला मुक्काम न्यू जर्सीतल्या रोझेल गावी होता, कार्पेंटर नावाच्या बाईंच्या घरी. त्याच राज्यातल्या जर्सी सिटीत १९८७ साली एका टोळीनं स्वतःचं नाव 'डॉटबस्टर्स' ठेवलं, म्हणजे कपाळावर ठिपका लावणाऱ्यांना ठेचणारे. वृत्तपत्राला पत्र पाठवून त्यांनी भारतीयांना हाकलण्याची धमकी दिली. त्या सप्टेंबरात शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला मारहाण झाली आणि त्यात तो गेला. तो पारशी होता. त्याच्या घरात टिकली ही धर्माची खूण नव्हतीच, पण मारणाऱ्यांना तेवढं ठाऊक असायची गरज वाटली नाही. पुढे दहा वर्षांच्या आत ग्वेन स्टेफनी ही अमेरिकन गायिका कपाळावर खड्यांची टिकली लावून रंगमंचावर आली, तेव्हा ती फॅशन ठरली.

घरचा वाद अजून मिटलेला नाही. २०२२ हे एकच वर्ष घ्या. ४ मे रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला: नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा गावात बंद. राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मंत्रालयाच्या आवारात हिंदुत्ववादी पुढारी संभाजी भिडे यांनी एका महिला पत्रकाराला, आधी टिकली लाव मग बोलतो, असं सुनावलं. राज्य महिला आयोगानं त्यांना नोटीस धाडली. एकीकडे कुंकू पुसू नका म्हणणारं गाव, दुसरीकडे टिकली लाव म्हणणारे पुढारी. दोन्हींत एक फरक ढळढळीत आहे. हेरवाडनं बाईच्या कपाळावरचा दुसऱ्याचा हात बाजूला केला, भिड्यांनी तो परत ठेवायचा प्रयत्न केला.

या सगळ्यात टिकलीची मागची बाजू दुर्लक्षितच राहिली. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० च्या ज्या परिशिष्टात मानकं ठरवून दिलेल्या प्रसाधनांची यादी आहे, त्यात ओली बिंदी आहे, कुंकवाची भुकटी आहे. चिकटवायची टिकली नाही. गोंदात काय घातलं आहे, हे लोकलमधल्या पाकिटावर सहसा छापलेलं नसतं. तेव्हा घेणाऱ्यांनीच थोडं बघावं. रात्री झोपताना टिकली काढावी, रोज नेमक्या त्याच जागी लावू नये. खाज सुटली, कातडी लाल झाली किंवा मधला रंग फिका पडतोय असं वाटलं, तर त्या दिवसापासून गोंद बंद करून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. लवकर थांबवलं तर रंग परत येण्याची शक्यता अधिक असते. तोवर कपाळ मोकळं राहिलं तरी काही बिघडत नाही.